ल्युपस नेफ्रायटिस : बायोप्सी-वर्गीकरण व फलानुमान

सिस्टेमिक ल्युपस एरिथिमॅटोसस (एस.एल.ई.) या स्वयंप्रतिरक्षा रोगात मूत्रपिंडांचा होणारा दाह. पेशीकेंद्रकातील घटकांविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे व त्यांची संयुगे केशिकागुच्छांत (ग्लोमेरुलसमध्ये) साचतात आणि दाह सुरू होतो. एस.एल.ई.च्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा तरुण. पायांवर व चेहऱ्यावर सूज, फेसाळ लघवी, वाढलेला रक्तदाब ही लक्षणे. कित्येकदा बाह्य लक्षण काहीच नसते.

बायोप्सी : लघवीतून दिवसाला ०.५ ग्रॅ. किंवा अधिक प्रथिने जाऊ लागली की सामान्यतः बायोप्सीचा सल्ला देतात. इव्हर्सन व ब्रुन या डॅनिश वैद्यांनी सुईने बायोप्सी करण्याची पद्धत १९५१ मध्ये कोपनहेगनहून प्रसिद्ध केली. आता ती सोनोग्राफीत पाहून करतात. वर्गनिश्चितीसाठी नमुन्यात किमान १० केशिकागुच्छ हवेत. प्रतिदीप्ती तपासणीत आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडे आणि सी३ व सी१क्यू ही पूरक प्रथिने अशी पाचही एकत्र आढळणे ल्युपसचे बलवान सूचक होय. या तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता वेगळ्या द्रावात पाठवावा लागतो. येथे चूक झाल्यास निम्मी माहिती हातची जाते.

वर्गीकरण : जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचा आरंभ १९७४ चा. त्याची जागा २००३ मध्ये ठरलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय.एस.एन./आर.पी.एस. (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी व रीनल पॅथॉलॉजी सोसायटी) वर्गीकरणाने घेतली. वर्ग १ : साध्या सूक्ष्मदर्शकाखाली केशिकागुच्छ प्राकृत, केवळ मेसँजियममध्ये (केशिकांना आधार देणाऱ्या ऊतीत) प्रतिरक्षा-निक्षेप. वर्ग २ : मेसँजियममधील पेशींची वाढ. वर्ग ३ : निम्म्याहून कमी केशिकागुच्छ बाधित. वर्ग ४ : निम्मे किंवा अधिक बाधित. वर्ग ५ : पटलीय (मेम्ब्रेनस), हा वर्ग ३ किंवा ४ सोबतही आढळतो. वर्ग ६ : ९० टक्के वा अधिक केशिकागुच्छ पूर्ण कठीण झालेले. वर्ग ४ मधील खंडीय व सर्वंकष या उपविभागांच्या उपयुक्ततेविषयी मतभेद होते. २०१८ च्या सुधारणेत ते वगळले गेले.

निर्देशांक : २०१८ च्या सुधारणेने ‘सक्रिय’ व ‘जीर्ण’ या शेऱ्यांऐवजी अंकांची शिफारस केली. सक्रियता निर्देशांक ० ते २४. त्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या पेशीवृद्धीला व ऊतिमृत्यूला दुप्पट भार. जीर्णता निर्देशांक ० ते १२. त्यात केशिकागुच्छांचे काठिण्य, तंतुमय चंद्रकोरी, नलिकांचा ऱ्हास व आंतरालीय तंतुमयता मोजतात.

फलानुमान : वर्ग १ व २ चे भवितव्य सहसा चांगले. वर्ग ३ व ४ मध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका मोठा. पंधरा वर्षांत १० ते ३० टक्के रुग्ण त्या अवस्थेला पोचतात, असे सामान्यतः मानले जाते. वर्ग ५ मध्ये ऱ्हास सावकाश, पण प्रथिनांची गळती भरपूर व रक्त गोठण्याची भीती. मात्र वर्गाचा आकडा म्हणजे भाकीत नव्हे. तीव्र सक्रियता असलेला वर्ग ४ वेळेवरच्या उपचारांनी निवळू शकतो. जीर्णतेतील तंतुमयता औषधांनी मागे फिरत नाही. वर्ग बदलूही शकतो, म्हणून काही रुग्णांत बायोप्सी पुन्हा करावी लागते. उपचारांच्या बाराव्या महिन्यात लघवीतील प्रथिने दिवसाला सुमारे ०.७ ग्रॅ. पेक्षा कमी असणे हा दीर्घकालीन फलाचा चांगला निदर्शक ठरला आहे.

उपचार : हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टेरॉइडे, मायकोफिनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड.

बुलढाणा जिल्हा : पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव तालुक्यांत, किडनीचे विकार हा जुना सार्वजनिक प्रश्न आहे. त्यांचा संबंध लोक खाऱ्या पाण्याशी जोडतात. कार्यकारणाविषयी एकमत नाही. अशा भागात सूज आलेल्या तरुणीचा आजारही पाण्याच्याच खात्यावर टाकला जाण्याचा धोका राहतो. ल्युपस आणि इतर वृक्कविकार यांतील भेद बायोप्सीच निश्चित करते.  लघवीत प्रथिने सापडलेल्या तरुण स्त्रीची बायोप्सी तंतुमयता वाढण्यापूर्वी झाली, तरच या वर्गीकरणाचा तिला उपयोग होतो.