यंत्रसामर्थ्य आणि वास्तवाभास : पवनीच्या स्तूपाच्या निमित्ताने

संगणकावरील खेळांतील सृष्टी खरी भासावी, ही आकांक्षा यंत्राच्या सामर्थ्याबरोबर कशी वाढत गेली आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तीपासून कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

१९७८ साली जपानात निघालेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात पडद्यावरील शत्रू जसजसे कमी होत, तसतसे उरलेले अधिक वेगाने सरकत. कारण मंद प्रोसेसरवरील भार हलका होई. यंत्राची उणीवच येथे उत्कंठेचे कारण ठरली. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधील नायकास टोपी व मिशा लाभल्या, त्या मोजक्या ठिपक्यांत केस व तोंड रेखाटणे कठीण होते म्हणून. १९९३ च्या 'डूम'मध्ये एका दालनावर दुसरे दालन रचता येत नसे. १९९६ च्या 'क्वेक'मध्ये ही मर्यादा उरली नाही. २०१८ पासून तर प्रकाशकिरणांचे मार्ग खेळ चालू असतानाच गणणारी ग्राफिक्स कार्डे घरोघरच्या संगणकांसाठी मिळू लागली.

तथापि सामर्थ्य वाढले म्हणजे शैली ठरली, असे नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजी' या खेळात कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितले आहेत. हुबेहूबपणाहून निराळा हा मार्ग हेतुपुरस्सर निवडलेला आहे.

असाच विवेक पवनीच्या शिल्पातही आढळतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन करून प्राचीन स्तूप उजेडात आणला. येथील मुचलिंद नागाच्या शिल्पात फण्यांखालील आसन रिकामे आहे. बुद्धाची मूर्ती न घडविता त्याचे अस्तित्व चिन्हाने सुचविणे, हा त्या काळचा संकेत होता. त्यास कारागिराचे असामर्थ्य मानणे चूक ठरेल.

आता हा स्तूप संगणकीय खेळात उभा करावयाचा झाल्यास काय घडेल? जुन्या यंत्रावर तो थोड्या रेषांत आटोपला असता आणि पाहणाऱ्यानेही त्यास आराखडाच मानले असते. आजचे यंत्र मात्र प्रत्येक पृष्ठभागाचा पोत, रंग व छाया मागते. पुरावा जेथे संपतो तेथेही ते रिते स्थान राहू देत नाही. आणि कल्पनेने भरलेला भाग उत्खनित शिलेइतकाच खरा दिसतो.

म्हणून अशा पुनर्रचनेत आधार असलेला भाग व अनुमानित भाग भिन्न छटांनी दाखविणे, हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. पवनीच्या शिल्पकाराने आसन रिकामे ठेवले ते श्रद्धेपोटी. आपण पुराव्याच्या मर्यादेपोटी काही जागा रिकाम्या ठेवावयास हव्यात.