पूर्वजस्मरण : ज्युबिलीच्या वर्षीं एक विचार

महोत्सवाचें वर्ष आलें म्हणजे मंदिराची रंगरंगोटी, मिरवणूक आणि पंगत ह्यांकडे सहजच मन धांवतें. आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्युबिली हा शब्द ज्या इब्री शब्दापासून आला, त्या योबेल वर्षाचा विधि लेवीय ह्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत सांगितला आहे, तो प्रत्येकानें एकदां वाचून पाहावा. दर पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दास्यांत पडलेल्यांस मोकळें करावें, आणि प्रत्येकानें आपल्या वडिलोपार्जित वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावें, अशी ती आज्ञा होती. म्हणजे ज्युबिली हा मुळांत वाडवडिलांच्या घरीं परतण्याचा सण होय. ह्या स्मरणिकेच्या निमित्तानें आम्ही वाचकांपुढें हाच विषय मांडीत आहों : आपण कोणाचे कोण, हें आपल्या नातवंडांस कशावरून कळावें?

आपला मुलूख एका बाजूस वाढवणच्या समुद्रकांठापासून दुसऱ्या बाजूस तलासरीच्या डोंगरी पाड्यांपर्यंत पसरलेला आहे. त्यांत ख्रिस्ती लोक थोडे, आणि तेहि एकाच ठिकाणचे नव्हत. कोणाचे आजोबा वसईकडून आले, कोणी गोव्याहून वा दमणहून नोकरीनिमित्त येऊन येथेंच स्थायिक झाले, आणि कित्येक बंधु ह्याच मातीचे, पिढ्यान् पिढ्या पाड्यांवर राहणारे वारली व इतर आदिवासी आहेत. मिस्साबलीस सर्व एका बांकावर बसतात. परंतु प्रत्येकाच्या मुळाची वाट निराळी, आणि ती वाट बुजण्याचें कारणहि निराळें.

पूर्वजांची आठवण हा निव्वळ कुळाभिमानाचा विषय असून धर्माचा त्याशीं संबंध नाहीं, असें कांहीं जण समजतात. शास्त्र तसें सांगत नाहीं. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायांत अब्राहामानें वचनदत्त देशांत पहिली जमीन विकत घेतली, ती आपली पत्नी सारा हिच्या कबरीसाठीं. आणि तिचें मोल म्हणून ४०० शेकेल रुपें त्यानें चारचौघांसमक्ष तोलून दिलें. इस्राएल लोक मिसर देशांतून घाईघाईनें निघाले, तेव्हांहि मोशे योसेफाच्या अस्थि बरोबर घेण्यास विसरला नाहीं. संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीनें करितो, आणि तींत थोर राजांबरोबर रूथ ही परदेशी विधवाहि येते. आपल्या तारणाऱ्यासहि कुळ होतें, हें त्या नांवांच्या यादीनें प्रथमच सांगून टाकलें.

ख्रिस्तसभेनें ह्या स्मरणास वहीचें रूप दिलें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा दंडक घातला कीं, प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंद ठेवावी. १६१४ सालच्या रोमी विधिग्रंथानें त्यांत दृढीकरणाची, मृत्यूची आणि घरोघरच्या कुटुंबांची अशा तीन वह्या मिळविल्या. १९८३ च्या धर्मविधानांतील ५३५ वें कलमहि धर्मग्रामाच्या नोंदी नीट लिहिण्याचें व जुन्या वह्या जपून ठेवण्याचें कर्तव्य सांगतें. बाप्तिस्म्याच्या एका नोंदींत बालकाचें नांव, आईबापांचीं नांवें, धर्मबाप व धर्ममाता ह्यांचीं नांवें, दिवस आणि ठिकाण इतकें असतें. ही नोंद बागाईतदाराच्या मुलाची आणि मजुराच्या मुलीची सारख्याच शब्दांत होते.

अशा वह्यांची किंमत काय, हें आयर्लंड देशाच्या इतिहासावरून चांगलें कळतें. तोहि खेड्यांचा, शेतकऱ्यांचा आणि बहुतांशीं कॅथलिक लोकांचा देश. १८४५ पासून बटाट्याचें पीक रोगानें बुडून तेथें जो दुष्काळ पडला, त्यांत सुमारें १० लाख माणसें मेलीं आणि जवळजवळ तितकींच जहाजांत बसून परदेशीं गेलीं. पुढें ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धांत डब्लिन शहरांतील सरकारी दफ्तरखाना आगींत सांपडला आणि शतकानुशतकांचे कागद जळून गेले. प्रॉटेस्टंट मंडळीच्या ज्या अनेक वह्या सुरक्षित राहाव्या म्हणून तेथें नेऊन ठेविल्या होत्या, त्याहि गेल्या. कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या मात्र खेडोपाडीं धर्मगुरूंच्याच ताब्यांत राहिल्या होत्या. म्हणून त्या वांचल्या. जुलै २०१५ मध्यें तेथील राष्ट्रीय ग्रंथालयानें १,००० हून अधिक धर्मग्रामांच्या वह्यांचीं छायाचित्रें सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं, आणि अमेरिकेंत वा ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्यांस आपल्या पणजोबाचें खेडें घरबसल्या शोधतां येऊं लागलें.

त्याच देशानें आणखी एक काम केलें, तें आम्हांस विशेष अनुकरणीय वाटतें. १९३७ ते १९३९ ह्या काळांत सुमारें ५,००० शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांस असें सांगण्यांत आलें कीं, घरच्या व शेजारच्या वृद्धांकडे जावें, त्यांना विचारावें आणि ऐकलेलें वहींत उतरून आणावें. शेतांचीं नांवें, जुन्या विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, औषधी पाले, सणांचे रिवाज असें सर्व कांहीं त्या मुलांनीं लिहिलें. त्या वह्या आजहि जपून ठेविल्या आहेत. हें काम पंडितांच्या हातून झालें नाहीं. तें अकरा ते चौदा वर्षांच्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं केलें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगिजांस दिली. पुढें डहाणू, तारापूर व अशेरी हीं ठाणींहि त्यांच्याकडे आलीं. दोन शतकें ह्या किनाऱ्यावर मंदिरें उभीं राहिलीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसई घेतली, परकी धर्मगुरु निघून गेले, आणि किल्ल्यांतील मंदिरें ओस पडलीं. परंतु वसईच्या शेतकऱ्यांनीं धर्म सोडला नाहीं आणि भाषाहि सोडली नाहीं. आडनांवें त्यांस पोर्तुगीज मिळालीं होतीं. एकाच आडनांवाचीं कितीतरी घरें असत, आणि त्यांचें परस्परांशीं रक्ताचें नातें असेलच असें नव्हे. म्हणून नातें ओळखावयाचें तें घराच्या नांवावरून, आळीच्या नांवावरून आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून. सामवेदी घरांत आजहि बोलली जाणारी कादोडी बोली त्या जुन्या मुळाची साक्ष देते. वसईहून इकडे आलेल्या कुटुंबांत मात्र आडनांव राहिलें, पण घराचें नांव व बोली दुसऱ्यातिसऱ्या पिढींत मागें पडूं लागली आहे, असें आमचें निरीक्षण आहे.

हातानें लिहून ठेवण्याचा महिमा किती, हें ख्रिस्तपुराणावरून दिसतें. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेजुइट धर्मगुरूंचें हें मराठी काव्य १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें आणि १६४९ व १६५४ सालीं पुन्हां निघालें. परंतु त्या छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तें वांचलें तें भाविकांनीं उतरून घेतलेल्या हस्तलिखितांमुळें, आणि त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाना ह्यांनीं तें पुन्हां छापविलें.

आदिवासी बंधूंची हकीकत ह्याहून कठीण आहे. पूर्वीं त्यांचें नांव कागदावर येई तें बहुधा सावकाराच्या वहींत. लग्नाकरितां थोडें कर्ज घ्यावें आणि त्याच्या फेडीसाठीं आयुष्यभर सावकाराकडे राबावें. अशा माणसास ह्या भागांत ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ सालीं तलासरीकडील झरी गांवाहून जो वारल्यांचा लढा सुरू झाला, त्यानें वेठ व लग्नगडी ह्या प्रथांवर घाव घातला. त्या लढ्याचा वृत्तांत गोदावरी परुळेकर ह्यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत लिहिला आहे. त्यांचीं मतें आमच्या मतांशीं सर्वत्र जुळत नाहींत. परंतु ज्या आजोबांविषयीं कोणींच कांहीं लिहिलें नव्हतें, त्यांची कहाणी त्या बाईंनीं लिहून ठेविली, हें मान्य केलेंच पाहिजे. सावकाराच्या वहींत माणूस कर्जाच्या रकमेपुढें लिहिला जाई; बाप्तिस्म्याच्या वहींत तो आईबापांच्या नांवासह लिहिला जातो. ह्या दोन वह्यांतील अंतर आपल्या तरुणांनीं नीट समजून घ्यावें.

पूर्वजांची नोंद ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे; तींत पोटाचा प्रश्नहि आहे. वनहक्क कायदा २००६ सालीं झाला. त्याखालील २००८ च्या नियमांतील १३ व्या नियमांत पुरावा म्हणून काय काय चालतें तें दिलें आहे : वंशावळ, गांवांतील वृद्धांचा लेखी जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमि आणि पवित्र स्थानें. जमातीच्या दाखल्यासाठींहि ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा वाडवडिलांचा पुरावा विचारला जातो. अनुसूचित जमातींविषयींच्या त्या वर्षींच्या आदेशांत धर्माची अट घातलेली नाहीं. तेव्हां आजोबांची कबर कोठें आहे व आजीचें माहेर कोणतें, हें ज्यास सांगतां येतें, त्याच्या हातीं कायद्याच्या दृष्टीनेंहि कांहीं आहे.

येथें एक शंका निघेल. बाप्तिस्मा घेतलेल्यानें जुन्या रिवाजांची आठवण ठेवावी काय? रोममधील धर्मप्रसार मंडळानें १६५९ सालींच पूर्वेकडे जाणाऱ्या धर्मप्रसारकांस बजावलें होतें कीं, जे रिवाज श्रद्धेच्या व सदाचाराच्या आड येत नाहींत, ते लोकांस सोडावयास लावूं नयेत. चीन देशांतील पूर्वजसन्मानाच्या विधींवर १७४२ सालीं पोपसाहेबांनीं बंदी कायम केली होती, परंतु डिसेंबर १९३९ मध्यें रोमनें त्यांपैकीं नागरी आदराचे विधि ख्रिस्ती लोकांस मोकळे केले. आराधना एका परमेश्वराचीच. परंतु वाडवडिलांचा आदर ही चौथी आज्ञाच आहे. वारली घरांत लग्नाच्या वेळीं सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक काढतात आणि धवलेरी गीतें गाते. ती कला डहाणूजवळील जिव्या सोमा मशे ह्यांनीं कागदावर आणून जगभर नेली, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. देवतेची पूजा आपण करीत नाहीं. परंतु आजीच्या हातची रेघ व आजीच्या तोंडचा शब्द टाकून देण्यास ख्रिस्तसभा सांगत नाहीं.

हें सर्व आजच लिहिण्याचें कारण वाचकांस ठाऊक आहे. वाढवणच्या बंदराचा विषय जुना. १९९८ सालीं डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानें तें नाकारलें होतें. जुलै २०२३ मध्यें परवानगी मिळाली. १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटी रुपयांच्या ह्या कामास मान्यता दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पायाभरणी झाली. कोणी त्यांत रोजगार पाहतो. कोळी व मांगेला बंधूंस आपल्या मासेमारीची चिंता लागली आहे. त्याचा निवाडा येथें करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एवढें खरें कीं, इतकें मोठें काम उभें राहतें तेव्हां रस्ते बदलतात, माणसें हलतात, नवी वस्ती येते, आणि खडकांचीं, खाड्यांचीं व पाड्यांचीं जुनीं नांवें लोकांच्या तोंडून जातात. आयर्लंडांत दुष्काळानें माणूस हलला. येथें दुसऱ्या कारणानें हलेल. हललेल्या माणसास परत येण्याची वाट ठाऊक असावी, हें पाहणें आपल्या हातीं आहे.

तेव्हां ह्या महोत्सवाच्या वर्षीं पुढील कामें करावीं, अशी आमची विनंति आहे. प्रत्येक कुटुंबानें निदान चार पिढ्यांचीं नांवें, स्त्रियांच्या माहेरच्या नांवांसह, लिहून काढावीं. एक प्रत घरीं ठेवावी आणि एक धर्मगुरूकडे द्यावी. सर्व कागद एकाच ठिकाणीं ठेवण्याचा धोका डब्लिनच्या आगीनें दाखविलाच आहे. रविवारच्या धर्मशिक्षणवर्गांतील मुलांनीं आपापल्या पाड्यांतील वृद्धांकडे जाऊन त्यांच्या आठवणी, त्यांच्याच बोलींत, वहींत उतराव्या. आणि हें करतांना हिंदु शेजाऱ्यांच्या आजोबांसहि विचारावें, कारण विहीर, वाट व खाडी सर्वांची एकच आहे. तरुणांनीं दफनभूमीचा नकाशा काढावा आणि ज्या कबरींवर दगड नाहीं त्यांचीं नांवें जाणत्यांस विचारून टिपावीं. २ नोव्हेंबर ह्या मृत भाविकांच्या दिवशीं कबरींना आशीर्वाद देतांना तीं नांवें मोठ्यानें वाचलीं जावीं, आणि मुंबईस वा परदेशीं गेलेल्यांनीं वर्षांतून तो एक दिवस तरी गांवीं यावें.

आपले वृद्ध थकत चालले आहेत. एक म्हातारा गेला म्हणजे त्याच्याबरोबर किती नांवें जातात, ह्याचा हिशेब कोणत्याच वहींत सांपडत नाहीं. म्हणून विलंब करूं नये. अब्राहाम, इसहाक व याकोब ह्यांचा जो देव, तोच आपल्या वाडवडिलांचाहि देव आहे, आणि त्याच्या जीवनाच्या पुस्तकांत त्यांचीं नांवें लिहिलेलीं असोत, अशी आमची प्रार्थना आहे. आपल्या वहींत तीं लिहिण्याची बुद्धि तो आपणांस देवो. आमेन.