विसरण्याच्या आधीची उजळणी

नातू जपानी शाळेत जातो, म्हणून सत्तरीनंतर मी ती लिपी शिकायला घेतली. लेकीने फोनवर 'आंकी' नावाचं ॲप घालून दिलं. जपानीत 'आंकी' म्हणजेच पाठांतर. पडद्यावर कार्ड येतं, मनात उत्तर द्यायचं, मग मागची बाजू पाहायची. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, पुढे काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी. विसरलं की लगेच हजर! ही मुदत ठरवायची कल्पना कुणाची, हे शोधायला गेले आणि सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास हाती लागला.

हर्मान एबिंगहाउस हा जर्मन अभ्यासक. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती विसरलो ते मोजायचं, हे प्रयोग त्याने स्वतःवरच केले आणि १८८५ साली पुस्तक लिहिलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं, असं त्याला दिसलं. आणखी एक गंमत म्हणजे एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांतही साधलं!

१९७२ साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे. १९८७ मध्ये पोलंडच्या प्योत्र वोझ्न्याक या विद्यार्थ्याने हा हिशेब संगणकाकडे सोपवला. आणि २००६ साली डेमियन एल्म्स यांनी 'आंकी' तयार केलं, तेही स्वतः जपानी शिकताना.

जपानी शिकणाऱ्याला याची गरज का पडते? हिरागानाची मूळ अक्षरं ४६च. त्यांचा क्रम तर आपल्या ओळखीचा: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्याची ही खूण आहे. 'हा'च्या जागी पूर्वी 'पा'सारखा उच्चार होता हे कळलं, की आपला कवर्ग ते पवर्ग बरोबर जुळतो. पण कांजींना असा क्रम नाही. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीतच त्या २१३६ आहेत. तिथे उजळणीच कामी येते.

आमच्या शाळेच्या दिवसांत पाढा विसरणं म्हणजे आळस, आणि आता या वयात एखादं नाव आठवलं नाही तर घरचे काळजीने पाहतात. पण एबिंगहाउस ते प्रयोग करत होता तेव्हा ऐन तिशीत होता, आणि तासाभरातच पाठ केलेल्यातलं निम्म्याहून अधिक त्याच्या हातून निसटत होतं. त्याने ते लपवलं नाही, मोजून ठेवलं. म्हणून मंडळी, विसरलात तर घाबरू नका. तेवढंच कार्ड पुन्हा पहिल्या कप्प्यात टाका.