राजा खंडोबाला काय जमत नाही?

खंडोबाच्या कथा गोळा करायला बसलेला माणूस पहिल्या काही दिवसांतच गोंधळतो. ज्या मणि-मल्लांपुढे इंद्राने आणि विष्णूनेही हात टेकले, त्यांना लोळवणारा हा देव आपल्या बायकोबरोबर, म्हाळसेबरोबर सारीपाट खेळायला बसतो, हरतो आणि पैजेपायी बारा वर्षं वनवासाला जातो. धनगराच्या वाड्यावर म्हातारा गडी बनून चाकरी धरतो. काही गाण्यांत तो नदीवर त्या धनगराच्या लेकीची, बाणाईची मेंढरं धुवायला नेतो आणि ती तिथेच मरून पडतात. बाणाईने लग्नाचा शब्द दिल्यावर अख्खा कळप पुन्हा उभा राहतो. मेलेली मेंढरं उठवणाऱ्या या राजाला घरातलं भांडण मात्र मिटवता येत नाही. शेवटी दोघींत गडाची वाटणी होते. म्हाळसा वर देवापाशी आणि बाणाई खाली, पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेवर. जेजुरीला गेलेल्या कोणीही हे देऊळ पाहिलेलं असतं. दम खायला बरेच जण तिथेच थांबतात.

या देवाची सत्ता चालते तरी कुठवर? प्रश्न पोरकट वाटतो, पण लोकदैवतांच्या अभ्यासात शिरायला याच्याइतकं चांगलं दार नाही. आमच्या खराडीत तर हा प्रश्न वेगळ्या वेषात रोज भेटतो. इथल्या आयटी कंपन्यांत काम करणारी काही मुलं ‘वॉरहॅमर ४०,०००’ या १९८७ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या खेळाच्या विश्वातल्या सम्राटावरून तासन्‌तास वाद घालतात. त्याच्यासारखी मनःशक्ती दुसऱ्या कोणाकडे नाही, तरी पोटच्या पोरासारख्या होरसची फितुरी त्याला वेळेत कळत नाही. स्वतःला देव म्हणवून घ्यायला त्याने बंदी घातली, आणि आता सगळं साम्राज्य त्याचीच पूजा करतं. दहा हजार वर्षं तो सोन्याच्या सिंहासनावर ना जिवंत ना मेलेला असा बसून आहे. हे नियम जुळत नाहीत याचं कारण उघड आहे: कित्येक लेखकांनी हे विश्व रचलं आणि प्रत्येकाला आपल्या गोष्टीपुरता वेगळा सम्राट हवा होता. उलट फ्रँक हर्बर्टच्या ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’ (१९८१) या कादंबरीतला दुसरा लेटो साडेतीन हजार वर्षं राज्य करतो, भविष्य पाहतो, पण पाणी त्याच्या देहाला सोसत नाही, आणि आपल्या दृष्टीला न दिसणारं माणूस तो स्वतःच पैदा करवतो. तिथे लिहिणारा हात एक आहे, म्हणून मर्यादाही आखीव आहेत. अशा वादांत मुरलेल्या वाचकांना खंडोबा परका वाटू नये. सांगणाऱ्यांची गर्दी इथे त्याहून कितीतरी मोठी आहे, एवढाच फरक.

संस्कृत ‘मल्हारी माहात्म्य’ स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवतं. त्यात शिव मार्तंडभैरव होऊन लढतो. अडचण एकच, ब्रह्मदेवाने दैत्यांना दिलेला वर. तो ओलांडला की देवाला आडकाठी नाही. मणि शरण येतो, आपला घोडा देतो आणि देवापाशी जागा मिळवतो. मल्ल शेवटपर्यंत हटत नाही, त्याचं मुंडकं पायरीशी जातं. दुसऱ्या कथेत मात्र तोही शरण येतो. वाघ्या-मुरळीच्या जागरणात युद्ध लवकर उरकतं आणि रात्र चढते ती सारीपाटावर, सवतींच्या भांडणावर. धनगरांच्या ओव्यांत तर खरी नायिका बाणाईच. देव तिच्या दारी आलेला उमेदवार.

रा. चिं. ढेरे यांचं ‘खंडोबा’ १९६१ मध्ये आलं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि हा देव रान, कुरण आणि गाव या तिन्हींत कसा वावरतो ते दाखवलं. या दोघांच्या खांद्यावर उभं राहून मला एक गोष्ट मांडायची आहे. खंडोबाच्या सत्तेला जिथे जिथे मर्यादा पडते, तिथे बहुधा एखादं सासर असतं. म्हाळसा नेवाशाच्या तिम्मशेट लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची, आणि कथांत पुढे शिंपी, माळी, तेली यांच्याही लेकी येतात. एकेका समाजाने देवाला मुलगी दिली आणि त्याला जावई करून घेतलं. जावयाचा मान मोठा असतो, हुकूम नसतो. बाणाईच्या माहेरी जो देव मेंढरं राखतो, तो दुबळा म्हणून नव्हे. ओवी गाणाऱ्यांनी त्याला आपल्या घरात घेताना घातलेली ती अट आहे. माहात्म्य लिहिणाऱ्यांना अशी अट घालण्याची गरजच नव्हती.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लावू नये, एवढं आताच सांगून ठेवतो. पहाटे तीनला गाणारा वाघ्या एखादं कडवं विसरतो, समोरचे हसतात म्हणून दुसरं ताणतो, आणि पुढे अभ्यासक त्या विसरण्यावर शोधनिबंध लिहितो. आमच्या शाखेला हा रोग आहे. पंढरीचा विठ्ठल अठ्ठावीस युगं विटेवर अडकला, त्यावरही काही कमी पानं खर्ची पडलेली नाहीत.

मर्यादा कथेतच राहतात असंही नाही. धाराशिव जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची देवळं दोन, मूर्ती एक. वर्षातला थोडा काळ ती नळदुर्गात असते, बाकी अणदुरात, आणि देव हलवताना दोन्ही गावांची मानकरी मंडळी लेखी करार करतात. दैत्यांचा संहार करणारा राजा मुक्काम मात्र कागदावर ठरल्याप्रमाणे बदलतो. आणि त्यात कोणालाही त्याचा कमीपणा वाटत नाही. हा करार मला कुठल्याही पोथीइतकाच महत्त्वाचा वाटतो. अभ्यासाला सुरुवात करणाऱ्याने शक्य असेल तर तो सोहळा स्वतः पाहावा.

दुसरी बाजूही नजरेआड करू नका. देवाला सोडलेल्या मुरळ्यांच्या वाट्याला हा गमतीदार, बायकांपुढे हरणारा खंडोबा आला नाही. त्यांच्या आयुष्यावर त्याच्या नावाने चाललेली सत्ता खरी आणि कठोर होती. मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा १९३४ मध्ये झाला. त्यानंतरही ही चाल लगेच थांबली नाही. कथेतल्या देवाच्या मर्यादा मोजणाऱ्याने देवाच्या नावावर माणसांनी गाजवलेली सत्ता मोजायलाच हवी, नाहीतर आपलं काम निव्वळ करमणूक ठरेल.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ मालिकेमुळे खंडोबा नव्या पिढीच्या घरात पोचला, आणि मालिकेतली गोष्ट हीच ‘खरी गोष्ट’ असं अनेकांना वाटू लागलं. जुने पाठ पुसले जाण्याची भीती आहेच. पण उद्याचा अभ्यासक मालिकेलाही एक पाठ म्हणूनच वाचेल, आणि ते बरोबरच असेल.

तेव्हा वाचकहो, सुरुवात पुस्तकापासून करू नका. तुमच्या घरी किंवा शेजारी जागरण झालं असेल, तर थोरल्यांना एवढंच विचारा: सारीपाटात देव खरोखर हरतो, की बाणाईकडे जाता यावं म्हणून मुद्दाम हरतो? मिळेल ते उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सोबत गावाचं नाव, सांगणाऱ्याचं वय, त्यांनी ते कोणाकडून ऐकलं आणि तारीख, हे टाकायला विसरू नका. उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर ती जुळवत बसू नका, तशीच ठेवा.

खराडी, पुणे