शहाणपण कोणाचे?

हदगावला आमच्या विहाराच्या समितीची बैठक होती. अध्यक्ष निवडायचा होता. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "अध्यक्ष वजनदार पाहिजे. तहसीलात ज्याचं चालतं, असा. आजवर असंच चालत आलंय." एका तरुणाने वेगळे नाव सुचवले. रोज मजुरी करून आल्यावर विहार उघडणाऱ्या, झाडणाऱ्या आणि तिथे पोरांचा अभ्यास घेणाऱ्या एका बाईचे. सगळे माझ्याकडे पाहू लागले. "गुरुजी, तुम्हीच सांगा." मी त्या ज्येष्ठांच्या बाजूने मान हलवली.

ती मान का हलली, हा प्रश्न मला सोडीना. त्याचे उत्तर शोधताना मी ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाकडे वळलो. आपल्या धर्मांतराच्या शंभर वर्षे आधी आपल्यातलीच काही माणसे धर्म बदलून एका नव्या संस्थेत गेली होती, आणि तिथेही पुढारी कोण हा प्रश्न उभा राहिला होता.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 साली सुरू झाले आणि 1831 पासून अहमदनगरला स्थिरावले. मिशनऱ्यांच्या मनात एक समज पक्का होता : ब्राह्मण आधी यावेत, म्हणजे त्यांच्यामागून बाकीचे येतील. प्रत्यक्षात घडले उलटे. ब्राह्मण आले ते बोटांवर मोजण्याइतके. मंडळ्या भरल्या त्या खेडोपाडीच्या महारांनी. तरीही 1854 साली तिथे पहिले देशी पाळक नेमले गेले, ते हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघेही जन्माने ब्राह्मण. त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. धर्मांतरासाठी त्यांनी घरदार आणि जात गमावली होती. परंतु बाकांवर महार आणि वेदीपाशी ब्राह्मण, हे चित्र कोणी मुद्दाम रंगवले नव्हते. 'पाळक शिकलेला हवा' या साध्या, रास्त वाटणाऱ्या नियमातून ते आपोआप उमटले. शिक्षण कोणाला मिळाले होते आणि कोणाला नाकारले होते, हे त्या नियमाने विचारले नाही. पुढे मिशनच्याच शाळांतून शिकलेल्या महारांमधून पाळक निघाले. म्हणजे उणीव माणसांत नव्हती, संधीत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना ब्राह्मणांकडे डोळे लावून बसण्याच्या याच धोरणावर टीका केली आहे. ते लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडातून ते 1989 साली लोकांपुढे आले.

दुसरे उदाहरण आपल्या जुन्या निजामी राज्यातलेच. 1948 पर्यंत हदगाव ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या तेलुगू भागात दोर्नकल आहे. वेदनायगम सॅम्युअल अझरिया हे तमिळ नाडार घराण्यातले. त्यांना बिशप करावे असा आग्रह मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी धरला, तेव्हा विरोध दोन बाजूंनी आला. गोरे मिशनरी हिंदी माणसाच्या हाताखाली काम करणार नाहीत, असे एक म्हणणे. वरच्या जातीतून आलेले ख्रिस्ती नाडाराला मानणार नाहीत, असे दुसरे. दोन्ही बाजू अनुभवाच्या नावाने बोलत होत्या. तरी 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात त्यांना दीक्षा मिळाली आणि अँग्लिकन चर्चचे ते पहिले हिंदी बिशप झाले. ज्या माला-मादिगांमध्ये त्यांनी काम केले, त्यांच्यात चर्च झपाट्याने वाढले. पुढे युरोपीय मिशनरीही त्यांच्या हाताखाली आले. 1945 साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते बिशप होते.

अझरियांची निवड केवळ रूढी मोडण्याच्या हौसेने झाली नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. 1903 पासून तिरुनेलवेलीच्या मिशनरी संस्थेत आणि पुढे दोर्नकलच्या खेड्यांत त्यांनी काम केले होते. हिशेब, शिस्त, लोकांशी वागणूक यांची पारख झाली होती. जुने शहाणपण सगळेच टाकाऊ नसते. पुढाऱ्याला हिशेब ठेवता यावा, ही जुनीच अपेक्षा आहे आणि ती खरी आहे. तसेच एका निवडीने जातही मरत नाही. माला आणि मादिगा यांच्यातली दरी त्या चर्चमध्येही उरली. कॅथलिक चर्चला पहिला दलित कार्डिनल मिळायला 2022 साल उजाडले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे ते कार्डिनल.

तेव्हा परंपरेचा दाखला कोणी दिला, की आपण तीन गोष्टी विचाराव्यात. हा अनुभव कोणाचा? त्याची कधी परीक्षा झाली आहे काय? आणि तो मानल्याने कोणाची खुर्ची पक्की होते? 'वजनदार माणूस हवा' हा विचार या कसोटीवर उतरत नाही. आमच्या वजनदार अध्यक्षांच्या काळात विहाराला किती वेळा कुलूप राहिले, हे मला माहीत आहे. त्या बाईला तहसीलात बोलता येईल की नाही, याची मात्र आम्ही एकदाही परीक्षा घेतली नाही. आधीच निकाल देऊन टाकला.

निवड अजून कागदावर आलेली नाही. पुढच्या बैठकीत ती पुन्हा मांडावी, असे मी सांगणार आहे. माझी मागची संमती चुकीची होती, हेही तिथेच, सर्वांसमोर सांगणार आहे.