नमाजच्या वेळा आणि कुरआन: फुकट एपीआय वापरण्याआधी हे बघा

मशिदीचा डिजिटल बोर्ड किंवा मोहल्ल्याचं अ‍ॅप बनवणारी मुलं आता आपल्याकडे बरीच आहेत. त्यांना माहिती मिळते ती एपीआयमधून, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडून नेटवरून माहिती मागण्याच्या ठरलेल्या सोयीतून. फुकट मिळणाऱ्या काही सोयींची तुलना आम्ही इथे देत आहोत.

अलअधान (नमाजच्या वेळा): नोंदणी नाही, चावी नाही. शहर किंवा अक्षांश-रेखांश दिले की वेळा मिळतात, पूर्ण महिन्याच्याही. पण 'स्कूल' हा रकाना रिकामा सोडला तर असर शाफई पद्धतीने येते. कोकणातल्या शाफई जमातींना ते चालेल. हनफी मशिदीत मात्र असर साधारण तासभर आधी दिसेल, तिथे १ लिहायलाच हवं. फज्र आणि इशाचंही तसंच आहे. कराची पद्धतीत सूर्य क्षितिजाखाली १८ अंश धरतात, उत्तर अमेरिकेच्या इस्ना पद्धतीत १५. चुकीची पद्धत निवडली तर सहेरी संपायची वेळच चुकते, म्हणजे रोज्याचा प्रश्न येतो.

अलकुरआन क्लाउड: आयती, तर्जुमे आणि तिलावत, चावीशिवाय.

कुरआन फाउंडेशन (कुरआन डॉट कॉमवाले): इथे आधी अर्ज करून ओळख-चावी घ्यावी लागते. ती चावी अ‍ॅपच्या कोडमध्ये उघडी ठेवू नका.

तन्झील: हे एपीआय नाही. अरबी मजकूर एकदाच उतरवून घ्यायचा, मग नेट नसलं तरी चालतं. अट अशी की मजकुरात काहीही बदल करायचा नाही आणि तन्झीलचं नाव व लिंक द्यायची.

नॉमिनाटिम (गावाचे अक्षांश-रेखांश): सेकंदाला जास्तीत जास्त १ विनंती. अ‍ॅपची ओळख आणि ओपनस्ट्रीटमॅपचा उल्लेख आवश्यक.

फुकट सर्व्हर कधीही बंद पडू शकतो, आणि ऐन रमजानमध्ये बोर्ड कोरा राहिला तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणून महिन्याच्या वेळा आधीच साठवून ठेवा. हिजरी तारीख हाताने बदलायची सोयही ठेवा, कारण आपल्याकडे महिना चांद दिसल्यावर सुरू होतो, सौदी कॅलेंडरवर नाही. शेवटी, बोर्ड लावण्याआधी सगळ्या वेळा मशिदीच्या छापील टाइमटेबलशी ताडून इमामसाहेबांना दाखवा. फरक निघाला तर त्यांचा शब्द धरा, एपीआयचा नको.