‘शिळे’ आणि ‘मुदत’ : घरपोच किराण्याच्या इतिहासातील दोन शब्द

खाद्यवस्तूचा ताजेपणा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास आपल्या भाषेत साठविलेला आहे. छत्रपती संभाजीनगरात आज मोबाइलवरून किराणा मागविण्याची प्रथा रूढ झाली असल्याने त्या इतिहासाकडे पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

‘शिळा’ हा शब्द संस्कृत ‘शीतल’पासून आला. म्हणजे निवलेले ते शिळे. शीतळासप्तमीला आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याची रूढी हेच अर्थसाहचर्य दाखविते. गीतेच्या सतराव्या अध्यायातील ‘यातयाम’ आणि ‘पर्युषित’ हे शब्द प्रहर व रात्र उलटल्याचे सांगतात. तेव्हा कालमापन प्राचीनांस अपरिचित नव्हते. मात्र तो काळ मोजणारा मनुष्य चुलीजवळच होता. आंबणे, बुरसणे, कुबट, खवट, सोंडे लागणे हा मराठी शब्दसंग्रह पाहिला तरी जीभ, नाक व डोळे यांचीच साक्ष प्रमाण मानलेली दिसते.

घरपोच किराणा हीदेखील सर्वस्वी नवी गोष्ट नव्हे. महिन्याची यादी वाण्याकडे पाठवावी, त्याने सामान घरी पोचवावे आणि हिशेब खात्यावर मांडावा, ही पद्धत आपल्या शहरांतून जुनीच आहे. शहागंज, गुलमंडी यांसारख्या पेठांत गिऱ्हाईक स्वतः जाऊन डाळ मुठीत घेऊन पाहू शके, आणि घरी आलेली डाळ किडकी निघाली तर ती कोणाकडे परत न्यावयाची हे त्यास ठाऊक असे. वस्तूची परीक्षा आणि माणसाची ओळख, असा हा दुहेरी आधार होता.

बंद वेष्टनाने यांपैकी पहिला आधार काढून घेतला. त्याची भरपाई कायद्याने तारखेच्या रूपाने केली. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनी उत्पादनाचा अथवा वेष्टनाचा महिना व वर्ष छापणे आवश्यक केले. याच टप्प्यावर ‘मुदत’ हा शब्द स्वयंपाकघरात शिरला. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि कर्ज, करार यांच्या व्यवहारात रुळला. ‘शिळे’ हा वस्तूचा गुण आहे; ‘मुदत’ ही दुसऱ्याने घातलेली मर्यादा आहे. शिळेपणा खाणाऱ्यास कळतो, मुदत मात्र वाचावी लागते. आणि ती वाचावयाची कोणत्या भाषेत? वेष्टनावरील अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठी ऐच्छिक आहे. केवळ मराठी वाचणाऱ्या गृहिणीस अंक कळतात, पण तो अंक उत्पादनाचा की अखेरचा, हे कळेलच असे नाही.

यापुढील टप्पा अधिक विचार करण्याजोगा आहे. २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या आणि १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांवर वस्तूची बहुतेक माहिती पडद्यावर दाखविण्याचे बंधन घातले. परंतु उत्पादनाचा अथवा वेष्टनाचा महिना व वर्ष त्यातून वगळले. एकाच वस्तूचे निरनिराळे साठे कोठारात असतात, ही व्यापाऱ्याची अडचण समजण्यासारखी आहे. तथापि परिणाम असा झाला की, ज्या तारखेने इंद्रियांची जागा घेतली होती तीच खरेदीच्या क्षणी अदृश्य झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या टिकाऊपणाच्या काळापैकी किमान ३० टक्के अथवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे ऑनलाइन विक्रेत्यांस बजावले. ही सूचना स्वागतार्ह होय. तरीही मोजणारा विक्रेताच राहिला. ग्राहकाने पाहावयाचे ते पैसे दिल्यानंतर.

सारांश, साक्षीचा अधिकार इंद्रियांकडून अक्षरांकडे आणि अक्षरांकडून विश्वासाकडे सरकला आहे. वाण्यावरही विश्वासच होता, परंतु तो ओळखीच्या माणसावर होता. वेष्टनावरील मजकूर मराठीत असावा आणि तारीख मागणीपूर्वी दिसावी, या दोन मागण्या म्हणूनच भाषाभिमानाच्या नव्हेत. अन्न खाणाऱ्यास त्याची साक्ष परत देण्याच्या आहेत.